कमरेचा शिक्का

चामराजपेट, बेंगळूर
१९ जानेवारी २०२५, रविवार

भीमा,

तुझं कार्ड काल मिळालं. एकतीस वर्षांत माझ्या नावानं तुझं हे पहिलं अक्षर, आणि त्यातही मोजून सहा ओळी! तीन छातीच्या दुखण्याच्या, दोन हुबळीच्या दवाखान्याच्या आणि शेवटची एक रवीची. "अकरा फेब्रुवारीला मंगळवारी ऑपरेशन आहे, त्याआधी रवी एकदा येऊन गेला तर बरं." धाकटा भाऊ थोरल्याला लिहितो त्यात नमस्कार नाही, खुशाली नाही. मीही आशीर्वाद लिहीत नाही, फिट्टंफाट झाली.

कार्ड वाचल्यावर लगेच धारवाडला फोन लावला. तू उचललास, "कोण?" म्हणालास, मी "अण्णा" म्हटलं आणि तू ठेवून दिलास. म्हणून बहात्तराव्या वर्षी पोस्टात जाऊन पाकिटं आणलीत.

आज रविवार, म्हणजे रवी, त्याची बायको सुप्रीता आणि लेक रम्या जेवायला होती. सर्जापूर रोडवरून इथं यायला त्यांना दीड तास लागतो, तरी एक रविवार चुकवत नाहीत. सांबारभात संपल्यावर मी विषय काढला. म्हटलं, "रवी, तुझ्या वडलांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. जाऊन ये."

त्यानं ताटातला हात उचलला. म्हणाला, "दोड्डप्पा, ज्या माणसानं तुमचा तपासणीचा शिक्का चोरला, स्वतःच्याच कामावर मारला, एका पायलटचा जीव टांगणीला लावला आणि तुम्हाला चौकशीत उभं केलं, त्याच्या उशाशी मी जाऊन बसू? तुम्ही माफ केलं असेल. तुम्ही देवमाणूस आहात. मी नाही."

मी म्हटलं, "अरे, झालं गेलं."

तो उठून हात धुवायला गेला. तुझ्या वहिनीनं, अलकानं माझ्याकडं बघितलं आणि ताटं उचलायला लागली.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हणू नकोस. तुला रवी पाहिजे ना? आणतो. तेवीस दिवस आहेत. थोरला काका आहे मी, त्याचा दोड्डप्पा, माझा शब्द त्यानं आजवर खाली पडू दिला नाही.

हयवदन


२७ जानेवारी, सोमवार

भीमा,

दुसरं कार्ड पोचलं. "अण्णा, जुनं काही काढू नकोस. आला तर आला, नाही तर राहू दे." वा रे वा! मला शिकवतोस? जुनं काढायचं की नाही हे तू ठरवायचं नाहीस. रागानं ते कार्ड मी फाडायला घेतलं होतं, अलकानं हातातून काढून घेतलं.

सांगण्यासारखं काही नाही. बुधवारी त्याला फोन केला, म्हटलं रक्ताचं नातं आहे. तो म्हणाला, "रक्त त्यांचं असेल, वाढवलं तुम्ही." शुक्रवारी म्हटलं, माझ्यासाठी जा. तर म्हणतो, "तुमच्यासाठी काहीही करीन, हे एक सोडून." मी चिडलो, आवाज चढवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तुझ्यासारखाच आहे मेला, ओरडणाऱ्यासमोर आणखी गप्प होतो.

आता एक गोष्ट लिहितो, जी तुला माहीत नाही. रवी चौदा वर्षांचा असताना क्वार्टर्समधल्या कुणीतरी त्याला चोराचा मुलगा म्हटलं होतं. तो रडत माझ्याकडं आला आणि विचारलं, खरं का? त्याची आई महानंदा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, तू धारवाडला पंपांच्या मोटारींना तार गुंडाळत बसलेला, पोराला माझ्याशिवाय विचारायला दुसरं कोण होतं? मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "माझ्या भावाला मी माफ केलंय, तूही कर."

माफ केलं म्हटलं की चोरी झालीच ना रे! हो म्हणायची गरजच पडली नाही. उलट मी मोठा झालो. त्या दिवसापासून तुला बाबा म्हणणं त्यानं सोडलं.

अलकाला परवा म्हटलं, खरं सांगून टाकतो. ती पोळी लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "पोटचं मूल देवानं दिलं नाही. हा एक आहे. सांगितलंत तर दर रविवारी दारात कोण येणार? झाकली मूठ झाकलेलीच राहू दे." तिचं चूक आहे असं मला म्हणवेना.

येलहंक्याच्या विमानमेळ्याची तालीम सुरू झालीय, डोक्यावरून लढाऊ विमानं गडगडत जातात. रम्या वेडी झालीय. नऊ वर्षांची पोर, तिला विमानांचं म्युझियम बघायचंय. रवी म्हणतो, दोड्डप्पांनी विमानं घडवलीत, तेच दाखवतील. येत्या रविवारी जायचं ठरलंय. मी त्या भागात निवृत्तीनंतर पाऊल टाकलेलं नाही, तुला सांगायला नको. पण म्हटलं, विमानाजवळ उभा राहिला तर पोरगा स्वल्प मऊ पडेल आणि तुझा विषय पुन्हा काढता येईल. म्हणून हो म्हटलंय.

हयवदन


२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

भीमा,

विषय मला काढावाच लागला नाही. तोच माझ्या अंगावर आला.

सकाळी साडेदहाला पोचलो. अंगणात विमानं उभी करून ठेवलीयत, पोरं चाकांवर चढतायत, आणि ज्या पंखाला आपण हात पुसल्याशिवाय बोट लावत नव्हतो त्याच्या सावलीत एक कुटुंब डबा उघडून चित्रान्न खातंय! मी त्यांना उठवायलाच निघालो होतो. रवीनं दंड धरला, "दोड्डप्पा, ते आता उडणार नाही. खाऊ दे." अलका हसली. आजच्या दिवसातलं तेवढंच हसणं.

आपलं ट्रेनर विमान डाव्या हाताला आहे. तेच नव्हे, त्याच जातीचं. रंग नवा दिलाय, वाईट दिलाय. रम्यानं विचारलं, "अज्जा, हे वर कसं जातं?" झालं, मला चेव आला. पायलट दांडा ओढतो, आत केबल ताणते, शेपटीची फळी उचलते, केबलचा जोड सुटू नये म्हणून त्यावर तार पिळून कुलूप घालतात, सगळं सांगितलं. दोनचार अनोळखी माणसंही उभी राहून ऐकायला लागली. पोरीनं विचारलं, "आणि तार घातली की नाही हे कोण बघायचं?"

"तुझा अज्जा!" मी म्हटलं. "मी बघणार, मग कागदावर माझा शिक्का. एकेचाळीस नंबर. तो शिक्का नसेल तर राष्ट्रपती आले तरी विमान हँगराबाहेर जायचं नाही. ज्यानं काम केलं त्यानं तपासायचं नाही, हा पहिला नियम. आणि शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा दुसरा. पट्ट्याला साखळी, साखळीला शिक्का. बावीस वर्षं ड्यूटीवर तो माझ्या कमरेवरून हलला नाही!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून गेलो आणि बघतो तर लोकांच्या मागं शिवाप्पा उभा. आपल्या हँगरातला हेल्पर शिवाप्पा, पार पिकलाय. रविवारी येणाऱ्यांना माहिती सांगतो म्हणे. "हयवदनराव, चेन्नागिदीरा?" म्हणाला. मी बरा आहे म्हटलं आणि घाईनं पाठ फिरवली. आणि सुप्रीतानं तेवढ्यात विचारलं. तिची नोकरीच ती, सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकून काढायची.

"दोड्डप्पा, शिक्का साखळीनं कमरेला असायचा ना? मग मामंजींनी घेतला कसा?"

"कपाटात ठेवला होता," मी म्हटलं. "त्या दिवशी आमच्या अप्पांचं श्राद्ध होतं. सोवळं नेसायचं म्हणून कमरेचं सगळं उतरवलं."

"कुठल्या कपाटात?"

"हँगरातल्या."

"सोवळं हँगरात नेसलात?"

भीमा, आपल्याच घरातली पोर ती. श्राद्धाचं सोवळं आंघोळ करून घरात, ओल्या अंगानं नेसतात, पँट-पट्टा घरी उतरतो, हे तिला कुणी सांगायला पाहिजे का? एकतीस वर्षांत हा प्रश्न ना चौकशीवाल्या साहेबांना पडला, ना रवीला. ते साहेब परप्रांतातले, त्यांना सोवळं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. रवीनं कधी विचारलंच नाही, कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता.

मी म्हटलं, "तेव्हा घाई होती, आता आठवत नाही." शिवाप्पा मान खाली घालून उभा. रवी चार पावलांवर होता, रम्याला उचलून पायलटची जागा दाखवत होता. त्यानं ऐकलं की नाही देव जाणे. डोक्यावरून तालमीचं एक विमान गेलं म्हणून सगळ्यांनी वर बघितलं. सुप्रीता माझ्याकडं बघत राहिली.

नंतर नळावर पाणी प्यायला गेलो तर शिवाप्पा मागून आला. म्हणाला, "सर, त्या दिवशी मी तिथंच पत्रा धरून उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही, म्हणून मी बोललो नाही. भीमाचारांचा मुलगा आज समोर बघितला. त्यानं विचारलं तर मी खोटं सांगणार नाही." मी म्हटलं, सरी, ठीक आहे, आणि नळ बंद केला.

आता तुलाच लिहितो, कारण कुठंतरी लिहिलंच पाहिजे. श्राद्धाच्या त्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते. विमान दुपारपर्यंत द्यायचं होतं. आचार्य घरी येऊन बसलेले, पिंड मी द्यायचे, कारण थोरला मी. थोरल्यानं श्राद्ध करायचं आणि धाकट्यानं कामावर राहायचं, हे मीच ठरवलेलं. मी कडी उघडून शिक्का तुझ्या तळहातावर ठेवला. तू म्हणालास, "अण्णा, बेडा, नको. माझ्याच कामावर मी कसा मारू?" आणि मी तुझ्यावर ओरडलो, "तुझं काम मला तपासायला लागतं का रे? मार आणि पाठव!" घरी जाऊन अप्पांना पिंड दिले. मन लावून दिले.

एका जोडावर तार नव्हती. ती चूक तुझी, मान्य. धावपट्टीवर जाता जाता पायलटला दांडा ढिला लागला म्हणून वाचला. तारेच्या चुकीला तुला महिनाभर घरी बसवलं असतं. शिक्का दिल्याबद्दल माझी नोकरी गेली असती. साहेबांनी विचारलं, "शिक्का तुम्ही दिलात?" आणि मी नाही म्हणालो, तुझ्याकडं न बघता. मग तू म्हणालास, "मीच कपाटातून घेतला, न विचारता." चूक माफ होते, चोरी नाही. त्याच आठवड्यात तुला काढलं.

आणि हे तुला माहीत नाही. चौकशीच्या आदल्या दिवशी आईनं तुला स्वयंपाकघरात बसवलं होतं ना, "थोरला गेला तर घर गेलं, तू कुठंही पोट भरशील, रवीला आम्ही सांभाळू" म्हणाली ना, तेव्हा मी दाराआड उभा होतो. सगळं ऐकलं. आत येऊन नको म्हणायला मला दोन पावलं टाकायची होती. नाही टाकली.

हयवदन


६ फेब्रुवारी, गुरुवार

भीमा,

काल सुप्रीताचा फोन आला. दुपारी, ऑफिसातून. "दोड्डप्पा, मी ह्यांना काही बोलले नाही. बोलणारही नाही. ते तुम्ही सांगायचं. पण मंगळवारच्या आत सांगा, नंतर सांगून मामंजींना त्याचा उपयोग नाही." पोरीचा आवाज चढला नाही, नमस्कार करून तिनं फोन ठेवला.

मला राग आला. काल दिवसभर घरात आदळआपट केली. माझ्याच सुनेनं मला मुदत द्यावी? तिच्याकडं पुरावा काय आहे? सोवळ्याचा एक प्रश्न! मी ठाम राहिलो तर रवी माझ्यावरच विश्वास ठेवील, हे मला पक्कं माहीत आहे. तोच तर घोटाळा आहे.

अलकाला सगळं वाचून दाखवलं, मागच्या पत्राची मी नक्कल ठेवलीय. दाराआडचं तिलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं ना? ते मागं घेते." आणि देवघरात गेली.

शनिवारी जातोय त्याच्या घरी. भीती वाटतेय रे. नोकरी जाईल म्हणून वाटली होती, त्याहून जास्त. ह्या पोराला मी सायकल शिकवलीय. तापात रात्रभर मांडीवर घेतलंय. तो मला देवमाणूस म्हणतो, आणि शनिवारी दुपारनंतर तो मला काय म्हणेल हे मनात आणूनही बघवत नाही.

तू लिहिलंयस जुनं काढू नकोस. तुझं आजवर मी एकच ऐकलं, ते चौकशीत, तू चोरी अंगावर घेतलीस तेव्हा. आता नाही ऐकत.

हयवदन


१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी सव्वासात

भीमा,

घाईत लिहितोय. रवी खाली गाडीत बसलाय, वर आलेला नाही. अलका बॅग भरतेय, ती खाली जाईल तेव्हा हे तिच्याच हाती देईन. दुपारपर्यंत दोघं तुझ्याजवळ असतील.

शनिवारी सांगितलं. त्यांच्या बिल्डिंगखाली बागेत बाक आहे, तिथं. सुप्रीता रम्याला घेऊन वर गेली. मी श्राद्धापासून सुरुवात केली आणि दाराआड उभा होतो तिथपर्यंत सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. शेवटी त्यानं दोन प्रश्न विचारले.

पहिला, "मी चौदा वर्षांचा असताना विचारलं, तेव्हा मला खोटं सांगत होता?"

मी म्हटलं, "हो."

दुसरा, "माझ्या लग्नात मी बाबांना सगळ्यांसमोर मांडवाबाहेर जायला सांगितलं. ते गेले. त्यांच्या पाटावर तुम्ही बसलात. बसताना काय वाटलं?"

काय सांगू? वाईट वाटलं म्हटलं असतं तर खपलं असतं. जीव गुदमरला म्हटलं असतं तर कदाचित त्यानं हातही धरला असता. पण खरं तेच सांगायचं ठरवून गेलो होतो. मी म्हटलं, "बरं वाटलं, रवी. वाटलं, हा आता पुरता माझा झाला."

तो उठला. दोन पावलं गेला, परत आला, आणि म्हणाला, "सोमवारी निघतो. दोड्डम्मा येणार असेल तर तिला नेईन. तुम्ही येऊ नका." मग रिक्षा थांबवून दिली, रिक्षावाल्याला पत्ता नीट समजावला, माझ्याकडं न बघता. मी चामराजपेटपर्यंत रडत आलो. रिक्षावाला बिचारा विचारत होता, आस्पत्रेला, दवाखान्यात नेऊ का म्हणून.

काल रविवार होता. कोणी आलं नाही. अलकानं दोघांपुरताच स्वयंपाक केला.

मी येत नाही. तुझ्या उशाशी बसायचा हक्क मी केव्हाच घालवलाय, आणि उद्या तिथं गर्दी व्हायलाही नको. अलका फोन करील. मी फोनजवळच असेन, देवासमोर बसणार नाही. त्याला कुठल्या तोंडानं मागू?

एक मागणं मात्र तुझ्याकडं आहे, आणि ते तुला जड जाईल, कारण तुझा स्वभाव मी जाणतो. शुद्धीवर आलास की समोर रवी असेल. दोन दिवसांनी, चार दिवसांनी, तो माझ्याबद्दल बोलायला लागेल. वाईट बोलेल, रागानं बोलेल, रडेलही. तू लगेच म्हणशील, "जाऊ दे रे, अण्णाचा नाइलाज होता, आईनं सांगितलं होतं, चूक माझीच होती." म्हणशीलच. आयुष्यभर तेच केलंस, आणि मी करू दिलं.

या वेळी माझी बाजू घेऊ नकोस, भीमा. त्याचा बाप तू आहेस, त्याची घे.

हयवदन